हीथ्रो ते वेळास आणि पुढे मोपापर्यंत

शनिवार : हीथ्रो, मुंबई, वेळास

ताईचं विमान लंडनहून रात्री साडेनऊला सुटलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत उतरलं. घड्याळात हे साडेचौदा तास दिसतात. त्यातून दोन्हीकडच्या वेळेतला साडेपाच तासांचा फरक वजा केला की खरा प्रवास उरतो नऊ तासांचा. हीथ्रो ते मुंबई हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. मुंबई विमानतळापासून वेळास मात्र नकाशावर सरळ रेघ मारली तर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तिथे पोचायला आम्हाला सात तास लागले.

विलायतेत फेब्रुवारीच्या मध्याला शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तेवढीच फट साधून ताई भाच्याला घेऊन आली होती. भाचा चौदा वर्षांचा. फोनवर विमानांचा माग दाखवणारं ॲप आहे आणि 'किती किलोमीटर, किती वेळ' याखेरीज सध्या दुसरा विषय नाही. मी भूगोलाचा मास्तर, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. ताई आणि माझी बायको मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या, त्याला आमचं जमणंच कारण असावं.

अटल सेतूमुळे मुंबईतून बाहेर पडणं बरंच सुसह्य झालंय. पुढे पेण, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर आणि बागमांडल्याला सावित्रीची खाडी. पलीकडे वेसवी, बाणकोट, मग वेळास. मधली खाडी गाडीसकट फेरीबोटीतून ओलांडायची. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा पूर्ण अंधार पडला होता आणि बोट पलीकडे उभी होती. तिचा दिवा हलला तसे गाडीवाले काका म्हणाले, "निघाली, आता च्या मारून घ्या." चहा संपायच्या आत बोट आली.

कामाची गोष्ट : संध्याकाळच्या शेवटच्या फेरीची वेळ निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा. ऋतू आणि गर्दीप्रमाणे ती बदलते. बोट चुकली तर म्हाप्रळवरून लांबचा वळसा पडतो, तोही रात्री, घाटरस्त्याने. फेरीबोटीवर सुटे पैसे हाताशी असू द्या.

वेळासला मोठी हॉटेलं नाहीत, गावातल्या घरांमध्येच राहायचं. काकूंनी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि आमसुलाचं सार असं साधं जेवण वाढलं. भाच्याने साराच्या तीन वाट्या संपवल्या आणि रात्री एक वाजता टक्क जागा होता. त्याच्या अंगातलं घड्याळ अजून लंडनमध्ये होतं, तिथे संध्याकाळचे साडेसात वाजले होते. पूर्वेकडे उडालं की हे असंच होतं. झोप लवकर येऊ द्यायची म्हणजे शरीराला दिवस आखडावा लागतो आणि ते त्याला जड जातं. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, ते बरंच सोपं.

रविवार : वेळास, हर्णै

न झोपण्याचा एक फायदा झाला. सकाळी सात वाजता किनाऱ्यावर हजर राहायला भाच्याला उठवावं लागलं नाही.

वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची. 2002 पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता अंडी जाळीच्या कुंपणात पुन्हा पुरून ठेवतात, साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्रात सोडतात. पिल्लं रोज निघतीलच असं नाही. आदल्या संध्याकाळी एकही निघालं नव्हतं, असं शेजारच्या घरात उतरलेल्या पुण्याच्या मंडळींनी जरा कडवटपणे सांगितलं.

आमच्या नशिबाने घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा खाली हालचाल होती. तळहाताच्या निम्म्याने भरतील एवढी काळपट पिल्लं, पाठीवर वाळू चिकटलेली. पाण्यापासून थोडी अलीकडे ती ठेवली. काही लगेच चालू लागली, एक पिल्लू मात्र उलट्या दिशेने, आमच्याकडे निघालं. कार्यकर्त्याने त्याला उचललं नाही. फक्त आम्हाला दोन पावलं मागे व्हायला सांगितलं आणि आपण वाट पाहत उभा राहिला. पिल्लू थांबलं, मान उचलली, वळलं. पहिल्या लाटेने त्याला परत वर आणून टाकलं, दुसऱ्या लाटेत गेलं. हे सगळं होईपर्यंत तिथे जमलेली चाळीसएक माणसं गप्प होती, आणि त्यात शाळेची एक अख्खी सहल होती!

फ्लॅश मारू नका, पिल्लांना हात लावू नका, दोरीच्या आत जाऊ नका. हे तिथे सांगतातच, पण आधीपासून माहीत असलेलं बरं.

नाश्ता करून केळशी, आंजर्ले करत हर्णै. भाचा गाडीत जो झोपला तो थेट बंदरावर उठला, तोही वासाने. हर्णैचा मासळीचा लिलाव संध्याकाळी बघावा. होड्या किनाऱ्याला लागत नाहीत, मासळी पाण्यात शिरलेल्या बैलगाड्यांतून वाळूवर येते, मागे सुवर्णदुर्ग. लिलाव पुकारणाऱ्या मावशींचा वेग असा की मला मराठी असून आकडे कळेनात. बायकोने मात्र एका कोळीणीशी दहा मिनिटं घासाघीस करून सुरमई घेतली. मुक्कामाच्या घरी नेऊन दिली की तळून देतात, तेवढं आधी विचारून ठेवायचं.

सोमवार : दाभोळ, धोपावे, गुहागर

दाभोळला वाशिष्ठीची खाडी. एके काळी मक्केला जाणारी जहाजं इथून सुटायची, बहमनी काळातलं हे मोठं बंदर. आता धक्क्यावर भेळेच्या गाड्या आणि जंगलजेट्टीची रांग. मोटारी, दुचाक्या आणि माणसं एकत्र नेणाऱ्या फेरीबोटीला या भागात जंगलजेट्टी म्हणतात. पलीकडचं धोपावे इथून डोळ्यांना दिसतं, पाण्यावर फार तर दीड-दोन किलोमीटर. बोट नसती तर दापोली, खेड, चिपळूण करून शंभरावर किलोमीटरची फेरी. भाच्याने वेळ लावली, बोट सुटल्यापासून टेकेपर्यंत दहा मिनिटंही लागली नाहीत.

"मग पूल का नाही बांधला?" हा त्याचा प्रश्न. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनचं. आता खाड्यांवरच्या पुलांना मुहूर्त लागतोय. पूल झाले की ही बोट जाईल. बोटीवरच्या चणेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "होईल तवा बगू," आणि पुढच्या गाडीकडे गेला.

गुहागरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे ढीग लागले. भातं कापून झाली की या पट्ट्यात कलिंगड लावतात आणि ती शेताच्या बांधावरच विकतात. तिथे आमचा गाडीतला एक वाद मिटला.

वाद असा : भाच्याच्या ॲपमध्ये मुंबई-लंडन मार्ग वर उत्तरेकडे फुगलेला कमानीसारखा दिसतो. ताईचं म्हणणं, वाकड्या वाटेने नेतात म्हणून वेळ लागतो, सरळ गेलं तर लवकर पोचू. मी ढिगातलं चांगलं गोल, पट्ट्यांचं कलिंगड निवडलं. देठ म्हणजे उत्तर ध्रुव, त्यावरच्या गडद पट्ट्या म्हणजे रेखावृत्तं. भाच्याने पेनाने मुंबईचा आणि लंडनचा ठिपका काढला. मधल्या अंतराचा अंदाज करायला दोन्ही शहरांच्या रेखांशांतला 73 अंशांचा फरक म्हणजे एकूण गोलाचा पाचवा हिस्सा, हे त्याला सांगावं लागलं नाही. पोत्याची सुतळी सोडवून दोन ठिपक्यांत ताणून धरली. ती आपोआप वर, देठाच्या बाजूला सरकली. जिथे ती घट्ट बसली तीच सर्वांत जवळची वाट.

सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई-लंडन रेघ अर्ध्या वाटेवर तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमेजवळ असते. गोलावर सुतळी ताणली तर मध्यबिंदू जॉर्जिया-आर्मेनियापाशी येतो, पुष्कळ उत्तरेला आणि पूर्वेला. 7,200 किलोमीटर म्हणतात ते या सुतळीचं अंतर. तिकिटांच्या साइटवर दोन विमानतळांमधलं जे अंतर दिसतं तेही हेच असतं, विमान प्रत्यक्ष किती उडालं ते नव्हे.

कलिंगडवाल्या मावशी बराच वेळ बघत होत्या. "खायाचाय का त्येच्यावर नकाशाच काडायचाय?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच लंडनच्या बाजूने सुरी घातली. आतून लाल निघालं, गोडही.

फोडी खाता खाता उरलेलं सांगितलं. ही सुतळीची वाट पाकिस्तान, इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. ताईचं विमान भारतीय कंपनीचं, म्हणून ते तुर्कस्तानावरून आखाताच्या बाजूने आणि मग अरबी समुद्रावरून आलं होतं. ॲपने प्रत्यक्ष उड्डाण साडेसात हजार किलोमीटरच्या पुढे दाखवलं. म्हणजे ताईचं 'वाकडी वाट' हे खरंच होतं, फक्त ती समजत होती त्या कारणाने नव्हे. ती म्हणाली, "मी तेच तर म्हणत होते." मोठ्या बहिणीशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणाऱ्या एकाने आणखी एका प्रवाशाची गोष्ट सांगितली. मार्च 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पायाला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये इथे, गुहागरला, अंडी घालताना सापडली. ओडिशाचा तो किनारा इथून सरळ रेघेत दीड हजार किलोमीटरच्या आत. पण कासवाला मधलं दख्खनचं पठार ओलांडता येत नाही. समुद्रातून वळसा घालून निदान साडेतीन हजार किलोमीटर, असा अभ्यासकांचा अंदाज. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगळी आणि ती एकमेकांकडे जात नसावीत, या समजाला त्या एका मादीने धक्का दिला. भाच्याने विचारलं, तिला किती दिवस लागले? रखवालदार हसला. "बिल्ल्यावर वेळ नाय लिवलेला."

मंगळवार : तवसाळ, जयगड, रत्नागिरी, मालवण

सगळ्यात लांब आणि सगळ्यात चुकीचा आखलेला दिवस. (आखणी ताईची होती, हे तिच्या परवानगीने लिहितोय.) तवसाळहून जयगडला पुन्हा फेरीबोट, खाली शास्त्री नदीची खाडी. मग गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, आणि पुढे देवगडवरून मालवण. जयगड ते मालवण आकाशातून एकशे चाळीस किलोमीटरही भरत नाही. किनाऱ्याच्या रस्त्याने दोनशेच्या वर, आणि प्रत्येक गावात एकदा खाली समुद्राला आणि एकदा वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. त्यात आंब्याचा मोहोर सगळीकडे घमघमत होता, म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या, म्हणून धूळ. तुम्ही जाल तर रत्नागिरीत किंवा देवगडात एक मुक्काम टाका.

आरे-वारेच्या वळणावर थांबलो तेव्हा किनाऱ्याच्या लांबीचा विषय निघाला. आम्ही शाळेत महाराष्ट्राचा किनारा 720 किलोमीटर शिकलो आणि मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. केंद्राच्या नव्या मोजणीत तो सुमारे 878 किलोमीटर भरतो. किनारा वाढलेला नाही. मोजपट्टी बारीक झाली आणि खाड्या-वळणं जास्त नेमकी मोजली गेली. आमच्या गाडीवाल्या काकांना हा आकडाही कमीच वाटला.

पावसच्या पुढे भाच्याने त्याचा राखून ठेवलेला प्रश्न काढला. येताना नऊ तास, मग परतीच्या तिकिटावर दहाच्या आसपास का? अंतर तर तेच. उत्तर वाऱ्यात आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, जेट प्रवाह. हिवाळ्यात ते सर्वांत जोरात असतात. विमान हवेच्या तुलनेत ताशी नऊशे किलोमीटरने चाललेलं असतं. मागून शंभराचा वारा असेल तर जमिनीवरून हजार, समोरून असेल तर आठशे. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं, एरवी त्याला साडेसहा-सात तास धरतात. वैमानिकाने काही वेगळं केलं नव्हतं, वारा पाठीशी होता.

मालवणला पोचलो तेव्हा रात्रीचे पावणेदहा. घरच्या आजी ओट्यावरच बसून होत्या.

बुधवार : मालवण

किल्ल्यावर जाऊन आलो. सिंधुदुर्गाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. सकाळी पहिल्या होडीने जा, उन्हात तटबंदीवरून फिरवत नाही, एवढंच.

दिवस खरा गेला तो आजींच्या स्वयंपाकघरात. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, दुपारी बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. संध्याकाळी त्यांनी मुद्दाम शिरवाळे केले. तांदळाच्या उकडलेल्या गोळ्याच्या शेवया साच्यातून पाडायच्या आणि गूळ-वेलदोडा घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या. साचा दाबायला दोन माणसं लागतात. भाच्याला कामाला लावला.

"तुका लंडनसून येवक किती वेळ लागलो रे?" आजींनी विचारलं. त्याने नऊ तास सांगितले. आजी म्हणाल्या, आम्ही मुंबईला आगबोटीने जायचो. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी एकेका बंदराला थांबत यायची. मालवणला आगबोट धक्क्याला लागत नसे, दूर पाण्यात उभी राहायची. मग रात्री पडावातून सामान आणि माणसं किनाऱ्यावर आणायची. उलट्या होऊन अर्धी माणसं आडवी. "पण वाटेत कोणाक वळसो नाय हां," असंही त्या म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. खाड्या आडव्या येतात त्या रस्त्याला. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998 साली, तीही बोगदे आणि पूल बांधत बांधत.

विमानाने तरी कुठे एका उडीत अंतर कापलं सुरुवातीला? एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण 8 जून 1948 चं, मुंबई ते लंडन. 'मलबार प्रिन्सेस' नावाचं ते विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. आजींना ही माहिती आवडली. बंदरं घेत जाणारं विमान त्यांना ओळखीचं वाटलं असावं.

मालवणला येणाऱ्यांसाठी : सगळ्यात जवळचा विमानतळ चिपीचा, ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेला. मालवणहून पाऊण तासाच्या आत पोचता, पण विमानं मोजकी आणि वेळापत्रक सारखं बदलतं. तारीख ठरवण्याआधी विमान आहे का ते बघा, नंतर नको. उत्तर गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाचा पर्याय भरवशाचा. जानेवारी 2023 पासून तिथे प्रवासी विमानं सुरू आहेत, मालवणहून गाडीने दोन तास धरा.

गुरुवार : मोपा, मुंबई

सामान देताना ताईची बॅग बाजूला काढली. आत आजींनी दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात चालत नाही. कोकणातून विमानाने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आमसुलं, काजू, कुळथाचं पीठ खुशाल न्या. आगळाच्या बाटल्या नीट बांधून मोठ्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको. खोबरं बाहेर थांबलेल्या गाडीवाल्या काकांना देऊन टाकलं. त्यांनी तिथेच एक वाटी फोडली.

मोपा ते मुंबई सरळ अंतर चारशे किलोमीटरच्या थोडं आत. तिकिटावर एक तास वीस मिनिटं. म्हणजे ताशी तीनशेचा हिशेब, वेगवान आगगाडीचा! विमान सुटण्याआधी वैमानिकाने सांगितलं की हवेतला वेळ पन्नास मिनिटं. उरलेली तीस मिनिटं जागेवरून मागे सरकणं, धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, उतरल्यावर परत जागेपर्यंत येणं यांची. तिकिटावरची वेळ या सगळ्यासकट असते. लंडनच्या प्रवासात ती तीस मिनिटं नऊ तासांत मुरून जातात, इथे निम्म्याहून जास्त भर घालतात.

मुंबईजवळ आल्यावर विमान वळलं आणि समुद्रावर घिरट्या घालू लागलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या तासाला असं वर ताटकळत राहणं आलंच. उतरल्यावर भाच्याने ॲप उघडलं. आम्ही पाचशे किलोमीटरच्या पुढे उडालो होतो.

ताईचं लंडनचं विमान दोन दिवसांनी होतं, म्हणून कोणी घाईत नव्हतं. त्याच दिवशी पुढचं आंतरराष्ट्रीय विमान पकडायचं असेल तर मोपाहून सकाळचं पहिलं उड्डाण घ्या आणि दोन्ही तिकिटं शक्यतो एकत्रच काढा. वेगवेगळी काढली तर पहिलं विमान घिरट्या घालत राहिल्याचा भुर्दंड तुमच्यावर येतो. ताई परत पोचली ती दहा तास दहा मिनिटांत. वारा समोरून, आकाश अजून बंद.